जुनी कोरियन बॉलपेनं: खरंच किती जुनी, हे ओळखायचं कसं?

सई_सुवॉन

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दक्षिण कोरियात सुवॉनला राहतो. घराजवळच्या शाळेसमोर एक मुनबांगगू, म्हणजे वह्या-पेनांचं दुकान होतं. वह्या, पेनं, रंग, गोळ्या-बिस्किटं, सगळं एका खोलीत. चालवणारे आजोबा थकले, दुकान मोडायला काढलं आणि मला बोलावून एक पुठ्ठ्याचं खोकं हातात दिलं. पैसे घ्यायला तयार होईनात, मग संत्र्यांची एक पेटी नेऊन दिली तेव्हा कुठे माझं समाधान झालं.

खोक्यात अर्ध्याहून जास्त माल मोनामी १५३ आहे. तेच ते पांढऱ्या षटकोनी नळीचं, काळ्या टोकाचं, काळ्या खटक्याचं पेन, जे इथे प्रत्येक बँकेत, टपाल कार्यालयात नि दवाखान्याच्या काउंटरवर सापडतं. काही डझनाच्या जुडग्यात रबरबँड लावून ठेवलेली आहेत, काही सुटी. सुट्यांपैकी बऱ्याच पेनांवर कुणाकुणाची नावं आणि फोन नंबर छापलेत. जाहिरातीची फुकट वाटायची पेनं असावीत. त्याशिवाय दोंगआ कंपनीची टोपणवाली सिरॅमिक पेनं, पाण्याच्या शाईची, आणि दोन-चार पेनांवर १९८८ च्या सोल ऑलिंपिकचा तो वाघ, होदोरी.

मी फाउंटन पेनांच्या वाटेला कधी गेले नाही, पण ही बघून मात्र हात शिवशिवायला लागलेत. प्रश्न असे:

ही पेनं किती जुनी हे कळायला काही मार्ग आहे का? पेनावर साल कुठेच नाही. मी ऑनलाइन शोधलं तर एकजण अगदी असंच दिसणारं १५३ "१९६३ सालचं, पहिल्या खेपेतलं" म्हणून ८०,००० वॉनला विकतोय. त्याचा पुरावा काय, तर पिवळी पडलेली नळी. माझ्याही काही नळ्या पिवळ्या आहेत! मग मी लखपती झाले का?

दुसरं, बहुतेक उमटत नाहीत. बॉलपेनं थोडी खरडल्यावर अडखळत चालतात, सिरॅमिकवाली पार कोरडी. काही करता येईल का, की तशीच ठेवायची?

आणि शेवटचं. छापील नावांची पेनं निरुपयोगी समजून बाजूला काढू का? कोरी तेवढी ठेवावीत असं मनात आहे. हंगुल, म्हणजे कोरियन लिपी, वाचता येतं मला, पण अर्थ लागायला वेळ लागतो.

कागदीघोडा

सई, फोटो टाक ना. आणि जुडगी सोडलीस का? सोडली नसशील तर थांब. नळीवर छापलेलं काही पुसू-घासू नकोस, अल्कोहोल तर मुळीच लावू नकोस. बोरूकाका येतीलच इतक्यात, कोरियन पेन म्हटलं की त्यांना वास लागतो.

बोरूबहाद्दर

आलो. वास लागलाच.

सईताई, छापील पेनं बाजूला काढताय? उलट करा. कोरी १५३ वाटून टाका हवी तर, पण छापलेलं एकही हातचं सोडू नका. का ते सांगतो, पण आधी त्या ऐंशी हजारवाल्याचा समाचार घेऊ.

मोनामी १५३ बाजारात आलं १ मे १९६३ ला. कंपनीचं नाव तेव्हा ग्वांगशिन केमिकल, मोनामी हे नाव मागाहून. मालक सोंग साम-सोक. १९६२ मध्ये सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या आवारात औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं, तिथे एका जपानी कंपनीच्या माणसाच्या हातात त्यांनी बॉलपेन पाहिलं. दौतीत टाक बुडवून लिहिणारा देश तो. त्यांनी जपानहून तंत्र आणलं आणि वर्षभरात पेन काढलं. किंमत १५ वॉन. सोलमधल्या सिटी बसचं तिकीट किंवा एक वर्तमानपत्र त्या वेळी तेवढ्यालाच यायचं असं सांगतात. १५ वॉनचं, कंपनीचं तिसरं उत्पादन, म्हणून १५३. सोंग पक्के ख्रिस्ती, त्यामुळे बायबलात जाळ्यात सापडलेल्या १५३ माशांचा हिशेबही ते त्यात धरत. सुरुवातीच्या मालाला गळती होती, लोकांचे शर्ट खराब व्हायचे. पण ती निस्तरली आणि पेन असं काही खपलं की अब्जांत मोजतात.

आता अडचण बघा. साठ वर्षांत या पेनाने अंगरखा बदललेलाच नाही. नळी, टोकाचा शंकू, खटका, स्प्रिंग, रिफिल, संपलं पेन. क्लिपसुद्धा नाही, षटकोनी असल्यामुळे टेबलावरून घरंगळत नाही एवढाच काय तो थाट. तेव्हा नुसत्या नळीकडे बघून "हे १९६३ चं" म्हणणारा एकतर ज्योतिषी असतो नाहीतर विक्रेता. पिवळेपणाचं तर नावच काढू नका. दुकानाच्या काचेत उन्हात बसलेलं १९९५ चं पेन पिवळंधम्मक होतं आणि कपाटाच्या तळाशी राहिलेलं त्याच्या कितीतरी आधीचं दुधासारखं पांढरं राहतं. रंगावरून कळतं ते पेन कुठे पडून होतं एवढंच.

त्यात भर म्हणजे सुटे भाग. मोनामीच्या स्वतःच्या दुकानांत, सोलच्या सोंगसू भागात आहे तसल्या, वेगवेगळ्या रंगांच्या नळ्या, शंकू, खटके मांडून ठेवतात आणि आपण हवं तसं १५३ जुळवून घ्यायचं. मजा येते, मीही जुळवलीत. पण त्यामुळे "दुर्मिळ रंगाचं जुनं १५३" म्हणून कुणी काही दाखवलं की मी फक्त मान डोलावतो.

म्हणून माझा नियम: नळी बघायची नाही, नळीवर काय छापलंय ते वाचायचं. छापणाऱ्या बिचाऱ्याला तारीख लिहायची नव्हती, गिऱ्हाईक हवं होतं. त्याने आपला पत्ता, फोन, हुद्दा, सगळं खरं-खरं छापलं. आणि या देशाने गेल्या चाळीस वर्षांत पत्ते, फोन, बँका, शाळा, सगळ्यांची नावं आणि आकडे इतक्यांदा बदललेत की कुठलंही जाहिरातीचं पेन पाच-दहा वर्षांच्या फटीत बसवता येतं.

फोनपासून सुरू करा. २ जुलै २००० पर्यंत इथे जवळजवळ प्रत्येक शहराचा आपला कोड होता. तुमच्या सुवॉनचा ०३३१. छोंगजूचा ०४३१, जोंजूचा ०६५२, छुनछोनचा ०३६१. त्या दिवशी सगळे मोडून प्रांताला एक कोड केला, तुमच्या ग्योंगी प्रांताचा ०३१. म्हणजे पेनावर ०३३१ दिसला की ते त्या तारखेच्या आधी छापलंय, वाद नाही. सोलचा ०२ तसाच राहिला, त्यामुळे सोलची पेनं या परीक्षेत नापास.

०१२ किंवा ०१५ ने सुरू होणारा नंबर दिसला तर तो पेजर. टायरवाले, नळदुरुस्तीवाले, घरं दाखवणारे एजंट, सगळ्यांच्या पेनांवर असायचा. ०१५ वाल्या कंपन्या १९९३ मध्ये आल्या. ०१६, ०१८, ०१९ हे मोबाइल १९९७ चे, आणि ०१० असेल तर २००४ किंवा नंतरचं, ते माझ्या लेखी परवाचं.

बँका तर मेजवानीच. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर कितीतरी बँका एकमेकींत विरघळल्या. हानिल बँक आणि कमर्शियल बँक १९९९ च्या सुरुवातीला मिळून हानबित झाली आणि २००२ मध्ये तिचं वूरी झालं. म्हणजे "हानबित बँक" छापलेलं पेन सापडलं तर साधारण तीन वर्षांची फट! जुथेक बँक २००१ च्या शेवटी कूकमिनमध्ये गेली, सोल बँक २००२ मध्ये हानामध्ये, चोहुंग २००६ मध्ये शिनहानमध्ये. बँका पेनं खंडीने वाटत, त्यामुळे ती अजून मिळतातही.

शाळेचं पेन असेल तर प्राथमिक शाळेला काय म्हटलंय बघा. "कुकमिन हाक्क्यो" असेल तर मार्च १९९६ च्या आधीचं, तेव्हापासून "छोदुंग हाक्क्यो" झालं. मोठ्या शहरांचा दर्जा "जिखालशी" लिहिला असेल तर १९९५ च्या आधीचं, नंतर "ग्वांगयोकशी". आमचं देजॉन १९८९ ला जिखालशी झालं, त्यामुळे "देजॉन जिखालशी" म्हणजे १९८९ ते १९९४, थेट. असलं एक पेन माझ्याकडे आहे, एका छापखान्याचं. नळीच्या एका पैलूवर निळ्या शाईत पत्ता, शेजारच्या पैलूवर फोन, आणि तिसऱ्यावर बारीक अक्षरात "लग्नपत्रिका, नावपत्रं, पावतीपुस्तकं". छापणाऱ्याचा हात हलला असावा, फोनचा शेवटचा आकडा कडेवरून घसरून चौथ्या पैलूवर गेलाय. आता त्या छापखान्याला फोन कोण करणार, पण माझ्या संग्रहातलं ते पेन मी कुठल्याही सोनेरी मर्यादित आवृत्तीशी बदलणार नाही.

पोस्टाचा पिन कोड सहा आकडी असेल तर १९८८ ते २०१५. पाच आकडी सलग असेल तर त्यानंतरचं, आणि तीन-दोन असा तोडलेला पाच आकडी असेल तर अभिनंदन, १९८८ च्या आधीचं.

होदोरीच्या पेनांबद्दल मी थोडा सावध राहीन. वाघ दिसला की लोक "८८ चं" म्हणून भाव वाढवतात. पण एक तर तोच वाघ १९८६ च्या सोल आशियाई खेळांतही होता, आणि दुसरं म्हणजे गोंडस चित्र पुन्हा छापायला कुणाची आडकाठी? टायरवाल्याचा पेजर नंबर खोटा छापून कोणी पैसे कमवणार नाही. देजॉनला १९९३ च्या एक्स्पोचा पिवळा शुभंकर कुमदोरी तर नव्या पेनांवर सर्रास मिळतो, शहराने त्याला पुन्हा डोक्यावर घेतलाय.

जुडग्यांबरोबर मूळ पुठ्ठ्याची डबी असेल तर ती पेनांपेक्षा मोलाची. डबीवर ८८० ने सुरू होणारा बारकोड असेल तर १९८८ किंवा नंतरची, कोरिया त्या व्यवस्थेत आलाच तेव्हा. बारकोड नसणं हा पक्का पुरावा नव्हे, पण आशा ठेवायला जागा आहे. आणि डबीवर कुठे "ग्वांगशिन" दिसलं तर मला पहिला फोन करा.

भावाचं म्हणाल तर छापील १५३ ला मी हजार-दोन हजार वॉनच्या वर जात नाही. सोलमध्ये दोंगम्योचा रस्त्यावरचा बाजार, शिनसोल-दोंगचा फुंगमुल बाजार (मंगळवारी बंद, हे लक्षात ठेवा), दोंगदेमुनजवळची छांगशिन-दोंगची खेळणी-वह्यांची गल्ली, इथे मिळतात. पेन असं मागायचंच नाही. जुन्या कॅसेट, जुने चष्मे असलेल्या डब्यात ती खाली पडलेली असतात. दुकानदाराला "साजांगनिम" (मालक) म्हणून गोड बोललात तर अख्खा डबा पाच हजारात देतो, उरलेले चष्मे तुमच्या नशिबी.

द्रावण

बोरूकाकांनी छापील मजकुराचं पुराण सांगितलं, मी शाईचं सांगतो. रंगांच्या कारखान्यात काम करतो, बॉलपेनची शाई हा लांबचा नातलग.

बॉलपेनची शाई म्हणजे रंगद्रव्य आणि राळ, जड द्रावकात कालवलेली. बेन्झिल अल्कोहोल, फेनॉक्सिइथेनॉल असले द्रावक सावकाश उडतात, पण वीस-तीस वर्षांत उडतातच. आधी वाळतो तो छऱ्याभोवतीचा थर, नळीतली शाई बरीच दिवस जिवंत राहते. म्हणून तुमची पेनं थोडं खरडल्यावर चालतात. रिफिल बाहेर काढा, झिपच्या पिशवीत घालून हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, टोक मऊ कापडाने पुसा आणि जाड कागदावर गोल-गोल फिरवा. काडी ओढून टोक तापवायचा जो जुना उपाय आहे तो करू नका. टोक पितळेचं असलं तरी त्यामागची नळी प्लास्टिकची आहे, ती आकसते, आणि शाई मागून बाहेर येते.

रिफिलमध्ये शाईच्या मधोमध हवेची फट दिसत असेल तर ती कोमट करून टोक खाली धरून झटकायची. धागा बांधून गरागरा फिरवलं तर जास्त बरं. हे घराबाहेर करा.

पाण्याच्या शाईच्या सिरॅमिक पेनांचं प्रकरण वेगळं. त्यात शाई बहुतेक वेळा कापसासारख्या तंतूंच्या कांडीत भिजवलेली असते आणि केशाकर्षणाने टोकाकडे येते. पाणी टोपणाच्या फटीतून आणि हळूहळू प्लास्टिकमधूनही निघून जातं, मागे कोरडा रंग उरतो. शाई डायची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असेल तर कांडीच्या मागच्या टोकाला डिस्टिल्ड वॉटरचे थेंब सोडून टोक खाली ठेवून रात्रभर उभं केलं की पुष्कळदा जीव येतो. रंग फिका येईल. पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या कणांची शाई असेल तर विसरा, ती एकदा गोठली की पाण्याला दाद देत नाही.

"सिरॅमिक" हा नुसता जाहिरातीतला डौल नाही बरं का. साध्या पेनांत टंगस्टन कार्बाइडचा छर्रा असतो, त्याचे कण कोबाल्टने बांधलेले असतात. पाण्याच्या शाईत तो कोबाल्ट खाल्ला जाऊ शकतो, छर्रा खडबडीत होतो आणि लिहिताना खरखर लागते. सिलिकॉन कार्बाइडच्या छऱ्याला ती भीती नाही. त्यामुळे तुमच्या दोंगआ पेनांचे छर्रे शाबूत असणार, कोरडी आहे ती शाई.

ठेवण्याबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून ठासून सांगतो. पेनं ठेवायला लोक मऊ, चकचकीत पारदर्शक पाकिटं आणतात. ती पीव्हीसीची असतील तर त्यातलं प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य, बाहेर येतं आणि पॉलिस्टायरीनसारख्या कडक प्लास्टिकला मऊ करतं. पेन पाकिटाला चिकटतं, छपाई पाकिटावर उतरते. खोडरबरही तोच प्रताप करतं, म्हणून कंपासपेटीत पट्टीला खोडरबर चिकटलेलं असतं. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या, नाहीतर सरळ कागदात गुंडाळा. आणि रबरबँड आजच काढा. जुना रबर वितळून नळीवर पट्टा उमटतो, तो निघता निघत नाही.

बोरूबहाद्दर

द्रावणसाहेबांशी सगळं पटतं, फक्त एक. रबरबँड काढण्याआधी जुडग्याचा फोटो. कुठल्या बाजूला तोंडं होती, मध्ये कागदाची पट्टी होती का, सगळं. मग काढा.

नवाकोरा

काकांचा जाहिरातीच्या पेनांवरचा जीव समजतो, पण नव्यांना हिणवू नका. २०१४ च्या जानेवारीत मोनामीने पन्नास वर्षांनिमित्त धातूच्या अंगाचं १५३ काढलं, दहा हजार नग, २०,००० वॉनला. साइट कोलमडली, हां हां म्हणता माल संपला आणि लगेच कितीतरी पट भावाने फिरायला लागला. २०१९ मध्ये जपानी मालावर बहिष्कार सुरू होता तेव्हा कोरियाच्या स्वातंत्र्यदिनाचा संचही असाच हातोहात गेला. तोही इतिहासच की. तीस वर्षांनी कोणीतरी त्या संचावरून २०१९ चा उन्हाळा ओळखेल.

बोरूबहाद्दर

ओळखेल, कारण त्याच्या डबीवर लिहिलेलंच आहे. मग ओळखायची गंमत कुठे उरली? कंपनीने "जपून ठेवा" म्हणून विकलेली वस्तू जपण्यात काय मोठं. दहा हजारांपैकी नऊ हजार अजून डबीत असतील. टायरवाल्याची किती उरली असतील सांगा. बरं असो, तुमचं धातूचं पेन हातात छान बसतं, ते मान्य. जड आहे.

सई_सुवॉन

बाप रे, केवढं लिहिलंत! काका, तुमचं वाचून काल रात्री भिंग घेऊन बसले. नवरा म्हणाला, सीआयडी झालीस.

रबरबँड फोटो काढून मग काढले. दोन जुडग्यांवर खरंच पट्टा उमटलाय, बाकीची वाचली. डबी एकच आहे, तिच्यावर ८८० वाला बारकोड, म्हणजे ग्वांगशिन वगैरे काही नाही, फोन करायची वेळ आली नाही. :)

छापील पेनांतली काही वाचून काढली. एक हानिल बँकेचं आहे, शाखेचा फोन ०३३१. एक चोहुंग बँकेचं, पण त्यावर फोन ०३१ ने सुरू होतो. मग हे जुनं की नवं? एका टायरवाल्याचं (खरंच टायरवाला निघाला!) दोन नंबर आहेत, ०३३१ आणि खाली ०१५. एका चर्चचं, त्यावर फोन नाही, पत्ता आणि तीन-तीन आकड्यांचा पिन कोड. आणि एक माझं सगळ्यात आवडतं: शाळेचं, "कुकमिन हाक्क्यो" आणि खाली "क्रीडा दिन". त्या पेनाची नळी अर्धीच आहे आणि आतमध्ये शंकूच्या जागी पेन्सिलीचा तुकडा खोचलाय. तुटलेलं म्हणून टाकणार होते.

सिरॅमिक पेनांतल्या एकाला पाणी पाजलं. सकाळी फिकं जांभळं उमटलं. काळं असायला हवं होतं ना?

द्रावण

जांभळं यायचंच. काळी शाई बहुतेक वेळा तीन-चार रंगांचं मिश्रण असते, जो रंग आधी विरघळतो तो आधी येतो. दोन-तीन दिवस तसंच उभं राहू द्या, गडद होईल. पूर्वीसारखं काळं होईल असं मात्र धरून चालू नका.

बोरूबहाद्दर

सईताई, वा!

चोहुंगचं कोडं सोपं आहे, दोन्ही टोकं तुमच्याच हातात आहेत. ०३१ आहे म्हणजे जुलै २००० नंतर. चोहुंग नाव आहे म्हणजे एप्रिल २००६ मध्ये शिनहानमध्ये जाण्याआधी. सहा वर्षांत बसलं. हानिलचं १९९९ च्या आधीचं, कोडवरून नव्हे तर बँकेवरून, तिने कोड बदलायचीसुद्धा वाट पाहिली नाही. टायरवाला १९९३ ते २०००. चर्च १९८८ ते २०१५, ते सगळ्यात ढिलं, पण पत्त्यात सुवॉनच्या पुढे "गु" म्हणजे प्रभागाचं नाव आहे का बघा. सुवॉनमध्ये प्रभाग पाडले १९८८ मध्ये आणि योंगतोंग हा प्रभाग तर २००३ मध्ये आला. योंगतोंग-गु लिहिलं असेल तर फट एकदम आवळली जाईल.

आता ते पेन्सिलवालं. ते तुटलेलं नाही हो! इथल्या पोरांची पिढ्यान्‌पिढ्यांची युक्ती आहे ती. पेन्सिल बोटात धरता येईना इतकी झिजली की १५३ चं रिकामं नळकांडं घ्यायचं आणि तुकडा त्यात घट्ट बसवायचा. नळीचं आतलं भोक त्या मापाचं अगदी नेमकं. कुणी नळी अख्खी वापरी, कुणी अर्धी कापून दोघांत वाटून घेई, तुमची तशीच असणार. पन्नाशीच्या कुठल्याही कोरियन माणसाला दाखवा, हसू फुटेल. अशी पेनं दुकानातल्या मालात येत नाहीत. आजोबांच्या खोक्यात कुणा पोराची विसरलेली राहिली असावी, किंवा त्यांच्या स्वतःच्या घरातली. जमलं तर विचारा त्यांना. मार्च १९९६ च्या आधीचं पोर म्हणजे आज निदान पस्तिशी ओलांडलेलं.

पेन्सिलीचा तुकडा काढू नका. कापलेली कड घासून सरळ करू नका. आतल्या लाकडावर पेन्सिलीच्या नावाचं एखादं अक्षर उरलं असेल तर उजेडात धरून बघा, दोंगआ किंवा मुनह्वा असण्याची शक्यता जास्त.

सई_सुवॉन

पत्त्यात ग्वोनसोन-गु आहे, योंगतोंग नाही. पेन्सिल हिरवी आहे, अक्षर सोनेरी होतं बहुतेक, फक्त एक वेलांटीसारखी रेघ उरलीय. आजोबा मुलीकडे राहायला गेलेत, रविवारी जाणार आहे त्यांना भेटायला. पेन घेऊन जाते.

बोरूबहाद्दर

जा आणि काय म्हणतात ते इथे लिहा. ग्वोनसोन-गु १९८८ पासूनचाच, तेव्हा चर्च आहे तिथेच राहिलं, काही बिघडत नाही.

आणि ताई, हानिलची दोन असतील तर एक मला विका की. भाव तुम्ही सांगा, टपालखर्च माझा.